कृपया आहेर आणू नये

तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. आधी थोडक्यात इथे परत लिहिते, म्हणजे मला नीट समजलंय का ते तुलाही कळेल. तू शाळेत शिकवतेस, पंधरा वर्षं संडेस्कूल घेतलंस, कॉयरमध्ये अल्टो गातेस, महिला मंडळाची सेक्रेटरी होतीस, आणि चार महिन्यांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून सगळं बंद. घरी पडून आहेस, पोळ्या सासूबाई करतात, मंडळाचं काम दुसऱ्या एका बाईंकडे दिलंय. तू म्हणतेस, "इफिस २:८, कृपेने तारण होतं, कर्मांनी नाही हे बायबलमधलं वचन, मला तोंडपाठ आहे, पोरांकडून मीच पाठ करून घेतलंय, पण आतून वाटतं की मी आता कुचकामी झाले, देवाला माझा काय उपयोग. कृपा नुसती माहीत असून भागत नाही, ती अनुभवायची असेल तर मी नेमकं काय करायला पाहिजे?"

तुला अगं-तुगं करते, चालेल ना. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि एका मिशन हॉस्पिटलमध्ये चोवीस वर्षं चॅप्लिन होते. म्हणजे वॉर्डात फिरायचं, पेशंटच्या कॉटशेजारी स्टूल ओढून बसायचं, त्याला हवी असेल तर प्रार्थना करायची नाहीतर नुसतं ऐकायचं. त्यामुळे "आता माझा काय उपयोग" हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलंय म्हणून सांगू. पाय कापलेला ट्रक ड्रायव्हर, अर्धांगवायू झालेले हेडमास्तर, गर्भाशय काढलेली तिशीतली बाई, आणि हो, रिटायर झालेले दोन पाळकसाहेबसुद्धा. शब्द थोडे इकडेतिकडे, वाक्य तेच.

आता "मी नेमकं काय करायला पाहिजे" वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठीसुद्धा तू रांगेत उभी राहून फॉर्म भरायला तयार आहेस. आणि तुझ्या पत्रात मला सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य वेगळंच आहे, ते तू मध्येच कंसात टाकून पुढे गेलीस, की "मंडळ त्या बाई छान चालवतायत". दुखणं तिथे आहे गं. मणका बरा होईल, पण आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे जे कळलं ना, ते जास्त लागलंय. बरोबर?

मला लग्नपत्रिकेचं उदाहरण सुचतंय, बघ पटतं का. पत्रिकेवर खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, "कृपया आहेर आणू नये". आपण ते वाचतो, आणि तरीही निघताना पाकीट भरतो. पाचशे एक घालू की हजार एक, त्यांनी आपल्या लग्नात किती दिले होते, आईला विचार, वही काढ. आहेराची वही आपल्याकडे घराघरात असायची, कुणी स्टीलचं पातेलं दिलं, कुणी एकावन्न रुपये, सगळं नोंदवलेलं, कारण ते कधीतरी फेडायचंय. पत्रिकेवर छापलेलं कुणी मनावर घेतच नाही. आणि समजा एखाद्याने घेतलं, खरंच हात हलवत गेला आणि पोटभर जेवून आला, तर त्याला तिथे कानकोंडं होतं. स्टेजवर फोटोला उभं राहताना हात कुठे ठेवू कळत नाही.

देवाच्या बाबतीत आपलं, म्हणजे चर्चमधल्या जुन्याजाणत्या मंडळींचं, अगदी हेच चाललेलं असतं. यशया ५५ ची सुरुवात वाच, ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांनी या, मोल न देता घ्या आणि खा. ही पत्रिकाच आहे, आहेर आणू नये असं छापलेली. आपण त्यावर चांगला अर्ध्या तासाचा संदेश देतो आणि मग दारात पाकीट घेऊन उभे. तुझं पाकीट म्हणजे पंधरा वर्षांची संडेस्कूल. आता चार महिने पाकीट रिकामं आहे म्हणून तुला आत जायची लाज वाटतेय, एवढंच झालंय. आत बोलवणाऱ्याने पाकिटाकडे आधीही बघितलं नव्हतं.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, मिंधा. कुणाचं मिंधं व्हायचं नाही, ह्या शिकवणीवर आपण वाढलो, आणि त्यात चांगलं पुष्कळ आहे, मी नाही म्हणत नाही, माझ्या वडिलांनी ह्याच जोरावर उधारी न करता तीन पोरं शिकवली. पण कृपेच्या दारात हाच शब्द आडवा येतो. शिवाय "कृपा" ह्या शब्दालाच आपल्याकडे ऑफिसचा वास लागलाय. साहेबांची कृपा, वरच्यांची कृपादृष्टी, कृपाछत्र. म्हणजे वर कुणीतरी बसलाय, तो मेहरबानी करणार, आणि मग आपण जन्मभर त्याची फाइल उचलायची. नव्या करारात जिथे आपण कृपा वाचतो तिथे मूळ ग्रीक शब्द आहे खारिस, आणि आनंदासाठीचा शब्द आहे खारा, दोन्ही एकाच मुळातले. म्हणजे देणाऱ्याला देताना आनंद होतोय असं काहीतरी त्यात आहे. लेक माहेरी आली की आई तिच्या पिशवीत लोणच्याची बरणी कोंबते, तिथे कोण कुणाचं मिंधं होतं? लेक नको नको म्हणते तेव्हा उलट आईला वाईट वाटतं.

बरं, आता वचनाकडे येते, कारण तू वचन जाणणारी आहेस, नुसत्या उदाहरणांनी तुझं समाधान होणार नाही. मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली जागा म्हणजे येशूचा बाप्तिस्मा, मत्तय ३. आकाशातून वाणी होते की हा माझा परमप्रिय पुत्र, ह्याच्याविषयी मी संतुष्ट आहे. आता जरा थांबून बघ, तोपर्यंत येशूने केलंय काय? लूक सांगतो की तो तेव्हा सुमारे तीस वर्षांचा होता. एकही आंधळा बरा केलेला नाही, एकही दृष्टांत सांगितलेला नाही, शिष्य शून्य. नासरेथात सुतारकाम करत होता, बस्. चॅप्लिनच्या रिपोर्टमध्ये लिहायचं झालं तर सेवा निरंक. आणि बाप म्हणतो मी संतुष्ट आहे. सेवा त्याच्या नंतर सुरू होते.

आणि लगेच पुढच्या अध्यायात सैतान काय म्हणतो? तू देवाचा पुत्र असशील तर ह्या धोंड्यांच्या भाकरी कर. म्हणजे काहीतरी करून दाखव, सिद्ध कर. चाळीस दिवस उपाशी असलेल्या माणसाला हे म्हटलंय, अंगात त्राण नसताना. तुला चार महिने रात्रीबेरात्री जो आवाज ऐकू येतोय ना, तू देवाची लेक असशील तर काहीतरी करून दाखव, तो आवाज कुणाचा ते तूच ठरव. मी संडेस्कूलच्या बाईला काय शिकवणार.

हाच क्रम सगळीकडे आहे, एकदा दिसायला लागला की दिसतच राहतो. दहा आज्ञा निर्गम २० मध्ये आहेत आणि मिसरातून सुटका त्याच्या आधी. आधी दहा आज्ञा पाळून दाखवा मग समुद्र दुभंगतो, असं नव्हतं. बाबेलचे लोक म्हणाले आपण आपलं नाव करू आणि बुरुजासाठी विटा भाजायला बसले, आणि पुढच्याच अध्यायात देव अब्रामाला म्हणतो मी तुझं नाव मोठं करीन. "नाव काढ गं पोरी" म्हणून आपल्याला दहावीपासून पळवलंय त्याची मला इथे नेहमी आठवण येते. पण हे जाऊ दे, ह्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

लूक १५ मात्र सोडता येणार नाही. उधळ्या पुत्राचा दृष्टांत तू पोरांना फ्लॅनेलबोर्डवर डुकरं चिकटवून शिकवला असशील, आम्हीही तसाच शिकलो. त्यात आपली वाटणी घेऊन निघून गेलेला आणि सगळं उधळून बसलेला धाकटा मुलगा घरी येताना एक वाक्य घोकत येतो, मला तुमच्या मोलकऱ्यांसारखं ठेवा. म्हणजे पगारावर. पगार असला की मिंधेपणा नाही, हळूहळू फेडता येतं. पण बापापुढे आल्यावर त्याचं ते वाक्य पूर्ण होतच नाही, "आपला पुत्र म्हणवायला मी योग्य नाही" इथपर्यंत तो येतो आणि बाप चाकरांना हाका मारायला लागतो, झगा आणा, अंगठी आणा, जोडा आणा. पगाराचं बोलणं निघालंच नाही.

पण तू धाकटी नाहीस. मीही नव्हते. आपण थोरल्या. दृष्टांतातला थोरला संध्याकाळी शेतावरून येतोय, दमलेला, घरातून वाजंत्री ऐकू येतेय आणि त्याला आपल्याच घरात काय चाललंय ते गड्याला विचारावं लागतंय. तो बापाला म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची सेवाचाकरी करतोय, कधी आज्ञा मोडली नाही, आणि मला मित्रांबरोबर मजा करायला एक करडूही दिलं नाही. मला ह्या वाक्याने फार वर्षं छळलंय. कारण हे वाक्य चिडलेल्या गुलामाचं आहे, मुलाचं नाहीच. दोघंही पोरं स्वतःला मजूरच समजत होती, एक पळून गेलेला मजूर आणि एक हजेरी शंभर टक्के असलेला मजूर. आणि एक बारीक गोष्ट बाराव्या ओवीत आहे जी मी सेवेत आल्यावर कितीतरी वर्षांनी वाचली, म्हणजे वाचली आधीही होती पण दिसली नव्हती. बापाने मालमत्ता "त्यांच्यात" वाटून दिली. दोघांत. म्हणजे थोरल्याची वाटणी त्याच दिवशी झाली होती! गोठ्यातली करडं त्याचीच होती, तो ज्याची वाट बघत होता ते त्याच्या नावावर कधीच झालेलं होतं. आणि ह्या पोरासाठीसुद्धा बाप पंगत सोडून बाहेर येतो, हे आपण विसरतो. धाकट्यासाठी धावला तो दिसतो, थोरल्यासाठी अंगणात येऊन विनवण्या करत उभा राहिला ते कुणी चित्रात काढत नाही. शेवटी तो आत गेला की नाही ते येशूने सांगितलेलंच नाही.

शंभर टक्के हजेरीवरून आठवलं, हे थोडं कडू आहे पण बोलते. आपण पोरांना रविवारच्या हजेरीची बक्षिसं देतो, वचन पाठ केलं की स्टार, जास्त स्टार मिळाले की वार्षिक सभेत टाळ्या. मीही दिलीत. आणि पाठ करायला दिलेलं वचन कुठलं? कृपेने तारण, कर्मांनी नाही! पोरगं काय शिकतं? तोंडाने कृपा आणि हातात स्टार. मग तेच पोरगं चाळीस वर्षांचं होऊन पडून राहिलं की घाबरतं, ह्यात नवल नाही. ज्या चर्चमध्ये मी वाढले तिथे वार्षिक अहवालात बायकांनी किती घरभेटी दिल्या त्याचा आकडा वाचायचे, आणि ज्यांचा शून्य त्या मान खाली घालून बसायच्या, त्यातली एक माझी आई होती कारण माझी आजी अंथरुणाला खिळलेली होती आणि आई तिचं करत होती. ती भेट कुणी मोजली नाही.

आणि तरी मी मोजत राहिले. हे ऐक आता. चॅप्लिनला महिन्याचा रिपोर्ट द्यावा लागायचा, म्हणून मी डायरी ठेवायची, आज चौदा पेशंट, पाच प्रार्थना, एक घरभेट. रिटायर झाले तेव्हा चोवीस डायऱ्या घरी आणल्या आणि पहिल्या आठवड्यात कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज करायला बसले. तीन दिवस. स्वयंपाकसुद्धा धड केला नाही. एकतीस हजारांच्या पुढे गेले तेव्हा माझा मुलगा चहा घेऊन आला आणि म्हणाला, आई, हा आकडा तू कुणाला दाखवणारेस? मला उत्तर देता आलं नाही. देवाला दाखवायला, असं तोंडावर आलं होतं, ते लाजेने गिळलं. चोवीस वर्षं लोकांना कृपा सांगणारी बाई, आणि माझी वही तयार! त्या डायऱ्या मी जाळल्याबिळल्या नाहीत, उगाच नाटक कशाला, माळ्यावर आहेत. बेरीज मात्र तिथेच थांबली.

म्हणून तुला पंडिता रमाबाईंचं सांगावंसं वाटतं, कारण त्या आपल्या मातीतल्या आहेत आणि त्यांचा बायोडेटा तुझ्यामाझ्यापेक्षा हजारपट भारी. लहानपणी वडील अनंतशास्त्री डोंगऱ्यांबरोबर तीर्थयात्रा, आईकडून संस्कृत, भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भावाबरोबर पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. नंतर भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा. मग अमेरिकेचा दौरा, पुस्तक, आणि १८८९ ला परत येऊन मुंबईत शारदा सदन, म्हणजे विधवांसाठी शाळा, पुढच्या वर्षी ते पुण्याला. पस्तिशीही गाठली नव्हती बाईंनी.

आणि त्याच बाई १९०७ साली आपली साक्ष लिहितात तेव्हा काय म्हणतात? की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! म्हणजे १८९१ च्या सुमारापर्यंत, शारदा सदन उभं राहिलं, सगळीकडे नाव झालं, लोकांच्या शिव्या खाऊन झाल्या, आणि आत पोकळी. धर्माचं सगळं चांगलं होतं, शिकवण पटली होती, पण भूक राहिली होती. मग एका टप्प्याला त्यांनी स्वतःच्या बुद्धीची आणि प्रयत्नांची हद्द गाठली आणि जशी आहे तशी स्वतःला ख्रिस्ताच्या हवाली केलं. ह्यात त्यांनी नवीन काही मिळवलं नाही, जे दिलेलं होतं ते घेतलं. एवढ्या मोठ्या विदुषीला घ्यायला आठ वर्षं लागली, तर तुला चार महिन्यांत का जमत नाही म्हणून स्वतःला टोचू नकोस.

आता तुझ्या मनात आलेलं मला इथून ऐकू येतंय, की मग सगळे असेच स्वस्थ बसले तर चर्च कसं चालायचं? ह्याचंही उत्तर रमाबाईंच्याच गोष्टीत आहे. त्या १८९१ नंतर स्वस्थ बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना, बायकांना घेऊन आल्या, केडगावला त्यांची मुक्ती ही संस्था उभी राहिली, शेकडो जणींचं जेवणखाण, शाळा, कामधंदा. आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर, जे मुक्तीतल्याच बायकांनी टाइप जुळवून छापलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या त्याच्या थोडंच आधी ते हातावेगळं झालं. काम आधीपेक्षा वाढलंच की. पौलही करिंथकरांस पहिल्या पत्रात १५:१० ला तेच म्हणतो, जो काही मी आहे तो देवाच्या कृपेने आहे, आणि लगेच म्हणतो की सगळ्यांपेक्षा मी जास्त श्रम केले. मला तर हे वाक्य थोडं मिश्कील वाटतं. आणि तुझं ते इफिस २:८ आणि ९, आपण पोरांना तिथेच थांबवतो, दहावी ओवी पाठ करून घेत नाही. दहाव्यात लिहिलंय की आपण त्याची हस्तकृती आहोत, सत्कृत्यांसाठी घडवलेले. हस्तकृती आधी, कृत्यं नंतर. कुंभाराने मडकं घडवलं तेव्हाच ते त्याचं झालं, पाणी भरायला लागल्यावर नाही.

फरक कामात नसतो, काम कशासाठी चाललंय त्यात असतो, आणि तो फरक काम चालू असताना कळत नाही ही अडचण आहे. मला बेरीज करताना कळला. तुला मंडळ हातातून गेल्यावर कळतोय. लूक १० मध्ये सत्तर जण सेवा करून आनंदाने परत आले, भुतंसुद्धा आम्हाला वश होतात म्हणाले, आणि येशू त्यांना म्हणतो की ह्याचा आनंद करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत ह्याचा करा. सेवा जोरात चालू असतानाच सांगून ठेवलं. कारण भुतं वश न होण्याचे दिवस येतात.

एलीया संदेष्ट्याचे आले होते. १ राजे १९. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवलेला माणूस, त्यानंतर थोड्याच दिवसांत रानात एका झुडपाखाली पडून म्हणतोय, पुरे झालं, माझा प्राण घे, मी माझ्या वाडवडिलांपेक्षा काही चांगला नाही. बघ, तुलनाच आली शेवटी तोंडावर. मी किती चांगला, कुणापेक्षा चांगला. आणि देव काय करतो? संदेश देत नाही, वचन पाठ करायला लावत नाही, तुझ्या विश्वासाला काय झालं विचारत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवतो. खाऊन तो परत झोपतो. परत उठवतो, परत खायला घालतो, म्हणतो पल्ला लांबचा आहे. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

मी नवीन होते तेव्हा पेशंटला आधी वचन आणि मग विचारपूस असं करायचे. त्या पाय गेलेल्या ड्रायव्हरला मी तडक रोम ८ वाचून दाखवला होता. तो भला माणूस, गप्प ऐकून घेतलं, मग म्हणाला मॅडम, जरा उशी वर करता का. तेव्हापासून आधी उशी.

म्हणून तुलाही विचारते, झोप लागते का? जेवण जातं का? दोन आठवड्यांहून जास्त सतत उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, पहाटे जाग येऊन नको ते विचार येत असतील, तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना हेही सांग, फक्त पाठीचं सांगून येऊ नकोस. इतके महिने दुखणं आणि अंथरूण, ह्यानेही माणसाचं मन खचतं, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नकोस, आणि अगदीच रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस म्हणून १४४१६ नंबरची फुकट हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. जीव नकोसा वाटतो असं कधी मनात आलं तर वाट बघायची नाही, घरच्यांना उठवायचं आणि ह्या नंबरवर बोलायचं. एलीयाला देवदूताने भाकर दिली, तुला गोळी दिली तर ती भाकरच समज.

बाकी "काय करू" चं उत्तर तू सोडणार नाहीस हे मला माहितीये, तर घे. सासूबाई ताट घेऊन येतील तेव्हा "तुम्हाला उगाच त्रास" म्हणू नकोस. महिनाभर हे वाक्य बंद. बरी झाल्यावर मी त्यांचं असं करीन आणि तसं करीन, हेही मनात नको, ती वहीच आहे. गरम पोळी आहे, तूप आहे, खा. तुला वाटेल ह्यात आध्यात्मिक काय, पण जिला सासूची पोळी फुकट घेता येत नाही तिला देवाची कृपा घेता येईल ह्यावर माझा विश्वास नाही. पाळकसाहेब घरी प्रभूभोजन घेऊन आले तर हात पुढे करताना तुझ्या हाताकडे बघ. रिकामा पंजा वर करून धरतो आपण. भाकर तळव्यावर ठेवली जाते. आयुष्यभर दर महिन्याला आपण हे करत आलो आणि घरी येऊन वही काढली.

आणि रोज एकदा स्तोत्र १३१ वाच. तीनच ओव्या आहेत, पाठीला त्रास नाही. त्यात दावीद म्हणतो की माझा जीव दूध तुटलेल्या बाळासारखा आईजवळ शांत आहे. तू आई आहेस, तुला कळेल. अंगावर पिणारं बाळ आईच्या मांडीवर येतं ते दुधासाठी, हात मारतं, रडतं, पदर ओढतं. दूध तुटलेलं पोर येऊन बसतं तेव्हा त्याला दूध नको असतं. काही काम नसतं त्याचं. आणि आईचंही त्याच्याकडे काही काम नसतं, वजनाने मांडी अवघडते तरी ती उठवत नाही. मी नातवाला असं घेऊन बसले होते मागच्या पावसाळ्यात, दिवे गेलेले, तो काही बोलत नव्हता, मीही नाही. तो झोपला नव्हता हे विशेष. तासभर असाच.

तुला हे मांडीवर बसणं सुरुवातीला जमणार नाही, दोन मिनिटांत मंडळाच्या कॅरलची तालीम आठवेल. आठवू दे.

प्रश्नाच्या शेवटी तू विचारलंयस की बरी झाल्यावर सेक्रेटरीचं काम परत मागू का. मागायला हरकत काय, तुला ते काम येतं, आवडतं, आणि मंडळ घट्ट धरून ठेवणाऱ्या बायका कमीच असतात. पण माझं ऐकशील तर घाई करू नकोस. डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली की आधी एका मीटिंगला नुसती जाऊन ये. मागच्या खुर्चीत बस, पाठीला उशी घे. त्या बाई मिनिट्स वाचतील, एखादा ठराव चुकीचा लिहिलेला असेल, तुझ्या लक्षात येईल, येऊ दे. चहा आला की घे. आणि कप विसळायला उठू नकोस.